पंचहौदाच्या चहापलीकडे: पारंपरिक अँग्लिकन मंडळी काय मानते, कशी प्रार्थना करते

पुण्याच्या पंचहौद मिशनमधला चहा आपल्या सगळ्यांना ठाऊक असतो. १८९० साली गोपाळराव जोशींनी तिथे एक व्याख्यान जमवले, रानडे-टिळकांसारखी बडी मंडळी गेली, नंतर चहा-बिस्किटे आली. कुणी प्यायले, कुणी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. मग गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे ख्रिस्ती घरचा चहा घेतल्याबद्दल जातबहिष्काराचा वाद, पेटले. पुढे प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. या चहावर मराठीत भरपूर लिहिले गेले. पण त्या आवारातल्या देवळात रोज सकाळ-संध्याकाळ काय चालत होते, ते लोक नक्की काय मानत होते, हे सांगणारे फारसे काही वाचायला मिळत नाही.

पंचहौदची मंडळी अँग्लिकन होती, म्हणजे ‘चर्च ऑफ इंग्लंड’च्या परंपरेतली. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावातून आलेले संन्यस्त पाद्री आणि वाँटिज गावच्या मठातल्या जोगिणी तिथे काम करत. गोव्याच्या किंवा वसईच्या कॅथलिक परंपरेशी यांचा संबंध नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून आले, तेही वेगळे. कॅथलिकांसारखे बिशप, वेदी, मेणबत्त्या, ठरलेली उपासना यांच्याकडे आहे, पण पोपची सत्ता नाही. प्रोटेस्टंटांसारखा बायबलवर भर आहे, पण उत्स्फूर्त प्रार्थनेपेक्षा छापील प्रार्थनेवर विश्वास जास्त. मग यांना म्हणायचे तरी काय?

हा प्रश्न जुन्या वळणाच्या अँग्लिकन माणसाला विचारला तर तो सिद्धान्त सांगत बसत नाही. हातात एक पुस्तक देतो: साधारण प्रार्थनापुस्तक, १६६२ सालचे. वारकऱ्याला त्याचे तत्त्वज्ञान विचारले तर तो हरिपाठ म्हणून दाखवील, तसेच काहीसे. आम्ही काय मानतो ते आम्ही गुडघे टेकून काय म्हणतो त्यात ऐका, असा सगळा कारभार. म्हणून या मंडळीची श्रद्धा समजून घ्यायची तर प्रार्थना वाचावी लागते, आणि प्रार्थनांच्या मधे बारीक अक्षरात ज्या सूचना छापलेल्या असतात त्याही. पाळकाने उभे कुठे राहायचे, उरलेल्या भाकरीचे काय करायचे, किमान माणसे किती हवीत. माझ्या मते या धर्माचा निम्मा अर्थ त्या सूचनांत आहे.

राजाची सोडचिठ्ठी आणि आर्चबिशपचे पुस्तक

आठव्या हेन्रीला बायको सोडायची होती, पोप परवानगी देईना, म्हणून त्याने स्वतःचे चर्च काढले, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. १५३४ मध्ये हेन्रीने पोपशी संबंध तोडले खरे, पण १५४७ मध्ये मरेपर्यंत त्याच्या राज्यात मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्येच चालू होती. उपासना बदलली ती त्याच्या अल्पवयीन मुलाच्या कारकिर्दीत, आणि बदलणारा होता कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर.

क्रॅन्मरच्या आधी मठांमधून दिवसात आठ वेळा प्रार्थना होत. कुठल्या दिवशी कुठला पाठ, याचे नियम इतके किचकट, की पाठ वाचायला लागतो त्यापेक्षा तो शोधायलाच वेळ जास्त जातो, अशी तक्रार क्रॅन्मरने १५४९च्या प्रस्तावनेतच केली आहे. त्याने आठाच्या दोन केल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि त्या मठातून काढून गावच्या देवळात आणल्या. बायबलमधली दीडशे स्तोत्रे तीस दिवसांत वाटून दिली. पहिल्या तारखेला पहिले स्तोत्र, तीस तारखेला दीडशेवे, एक तारखेला पुन्हा सुरुवात. या वाटणीत पंधरा तारखेची संध्याकाळ मात्र गायकांच्या जिवावर येते, कारण त्या दिवशी सत्तरहून जास्त चरणांचे ७८वे स्तोत्र एका बैठकीत संपवायचे असते.

लोकांना कळेल अशी भाषा, हा त्याचा मुख्य आग्रह. ज्ञानेश्वरी माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण गंमत पुढे आहे. १५४९च्या जूनमध्ये, पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) रविवारी हे पुस्तक देशभर सक्तीचे झाले आणि डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये बंड झाले. बंडखोरांच्या मागण्यांत लिहिले होते, की आमच्यातल्या काही कॉर्नवॉलकरांना इंग्रजी कळतच नाही, ही नवी इंग्रजी उपासना आम्हाला नको. त्यांची बोली कॉर्निश. लंडनला जी लोकभाषा वाटत होती ती त्यांना सरकारी भाषा वाटली, आणि त्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेले लॅटिन जवळचे. बंड फार क्रूरपणे मोडले गेले.

स्वतः क्रॅन्मरचा शेवटही वाईट झाला. मेरी राणीने देश पुन्हा पोपच्या बाजूला वळवला तेव्हा त्याच्याकडून माफीपत्रे लिहून घेतली. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याला जिवंत जाळले. ऐन वेळी त्याने ती माफी मागे घेतली आणि जिने सह्या केल्या ती उजवी मूठ आधी ज्वाळेत धरली. पुढे पहिल्या एलिझाबेथने १५५९ मध्ये पुस्तक परत आणले, यादवी युद्धात १६४५ मध्ये संसदेने त्यावर बंदी घातली, राजेशाही परतल्यावर १६६२ मध्ये ते किरकोळ फेरफारांसह पुन्हा बसले. तीच आवृत्ती आज ‘पारंपरिक’ म्हणवणाऱ्या इंग्लंडमधल्या देवळांत दिसते.

पंडिता रमाबाईंचा क्रूस

भाषेच्या मुद्द्याला एक मराठी शेपूट आहे. पुण्यात भेटलेल्या वाँटिजच्या जोगिणींच्या ओळखीने पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटिजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या अँग्लिकन दारातून. पण आत शिरल्याबरोबर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांची आणि वाँटिजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांची पत्रे पुढे छापली गेली आहेत. त्यांना दिलेल्या क्रूसावर लॅटिन शब्द होते, आणि रमाबाईंनी सरळ विचारले, की लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा वरचढ असे काय आहे? की ब्राह्मणांना संस्कृतबद्दल वाटते तसेच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटते?

या प्रश्नाची गंमत अशी, की तो रमाबाईंच्या आधी चर्च ऑफ इंग्लंडनेच पोपला विचारला होता. १५७१ मध्ये कायम झालेल्या, त्या चर्चची मते मांडणाऱ्या ‘एकोणचाळीस कलमां’पैकी २४वे कलम सांगते, की लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणे देवाच्या वचनाविरुद्ध आहे. शिष्येने गुरूंना त्यांच्याच पोथीतले पान उघडून दाखवल्यासारखे झाले.

भांडण क्रूसापुरते राहिले नाही. चर्च सांगेल ते ऐकायचे, हेच रमाबाईंना पटेना. पुरोहितांच्या एका जोखडातून नुकतीच सुटले, आता पाद्री-बिशपांचे दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर. वाद त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत, ख्रिस्ताच्या देवत्वापर्यंत गेला.

तर मानतात काय?

पाया सर्व जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांचाच आहे. एक देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप. येशू हा देवाचा पुत्र, कुमारी मरियेपासून जन्मला, क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, जगाचा न्याय करायला पुन्हा येणार. हे सारे तीन विश्वासांगीकारांत, म्हणजे श्रद्धा जाहीर करणाऱ्या ठरीव पाठांत, बांधलेले आहे. त्यातला प्रेषितांचा रोज म्हणतात, नायसियाचा प्रभुभोजनाच्या वेळी, आणि तिसरा अथनेशियसच्या नावाचा, लांबलचक आणि कडक. हे मानणार नाही तो नाश पावेल, असे तो बजावतो. १६६२च्या पुस्तकाप्रमाणे तो वर्षातून तेरा दिवशी म्हणायचा असतो. बऱ्याच देवळांत तो गुपचूप गळतो, यावरून काय ते समजा.

तारण मिळते ते श्रद्धेने, पुण्याच्या साठ्याने नव्हे. तारणाला आवश्यक ते सगळे बायबलमध्ये आहे. त्यात नाही किंवा त्यातून सिद्ध होत नाही ते कुणावर लादायचे नाही. मेल्यावर आत्मा शुद्ध होण्यासाठी थांबतो त्या शुद्धिस्थळाची कल्पना अमान्य. पाळकांना लग्न करायची मुभा. ख्रिस्ताने स्वतः नेमलेले संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. इथपर्यंत प्रोटेस्टंट. पण मंडळीला बिशप हवेच, आणि त्यांची परंपरा हातावर हात ठेवून प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली हवी. इथे कॅथलिकांचा वारसा दिसतो. रिचर्ड हूकर या सोळाव्या शतकातल्या पंडिताने शास्त्र, बुद्धी आणि परंपरा यांचा मेळ घातला. अँग्लिकन लोक याला तिवई म्हणतात. तिचा एक पाय, शास्त्राचा, बाकीच्या दोघांपेक्षा जाड आहे, हे हूकर विसरला नव्हता. तिवई म्हणणारे कधी कधी विसरतात.

मला सर्वांत आवडते ते २६वे कलम. पाळक स्वतः वाईट असला तरी त्याच्या हातून झालेला संस्कार बाटत नाही, कारण तो त्याच्या नावाने नव्हे तर ख्रिस्ताच्या नावाने देतो. अशा पाळकाची चौकशी करून त्याला काढावे, हेही तिथेच लिहिले आहे. गावच्या भटजीबद्दल कुरकुरत त्याच्याकडूनच सत्यनारायण करून घेणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही; इथे त्यावर चक्क कलम आहे.

रविवारची सकाळ

आता प्रत्यक्ष देवळात जाऊ. इंग्लंडमधले एखादे खेडे, सकाळचे आठ, थंडगार दगडी इमारत, बाकांवर पंधरा-वीस डोकी. आठच्या प्रभुभोजनाला बहुधा गाणे नसते. पाळक सुरुवातीला दहा आज्ञा एकेक करून वाचतो आणि प्रत्येक आज्ञेनंतर लोक गुडघ्यांवर म्हणतात, प्रभू, आमच्यावर दया कर आणि ही आज्ञा पाळण्याकडे आमची मने वळव. मग त्या आठवड्याची ‘कलेक्ट’ नावाची छोटी प्रार्थना, बायबलमधल्या एखाद्या पत्राचा उतारा, एक शुभवर्तमानाचा उतारा, विश्वासांगीकार, प्रवचन. पुढे सर्वांनी मिळून पापांगीकार.

पापांगीकारात क्रॅन्मरचा हात कळतो. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतला मराठीत साधारण असा होईल: हरवलेल्या मेंढरांसारखे आम्ही तुझ्या वाटा सोडून चुकलो, भरकटलो, जे करायला हवे होते ते केले नाही आणि जे करू नये ते केले. न केलेल्या गोष्टी आधी, केलेल्या नंतर. आणि शब्द जोडीने येतात, ‘चुकलो, भरकटलो’. मराठीला ही जोडी परकी नाही. एका शब्दावर कान घसरला तर दुसऱ्यावर अडकतो. शिवाय सगळे एकसुरात म्हणत असताना श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगते.

भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जाण्याआधी एक प्रार्थना आहे, तिच्यात ‘तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचण्याचीही आमची लायकी नाही’ असे शब्द येतात. शुभवर्तमानातल्या त्या परकी बाईची आठवण त्यात आहे, जिने येशूला म्हटले होते की मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून सांडलेला चुरा खातातच ना.

मग भाकर हातावर येते, आणि सोबत पाळक दोन वाक्ये म्हणतो. पहिले: प्रभू येशू ख्रिस्ताचे शरीर, जे तुझ्यासाठी दिले गेले, ते तुझे शरीर आणि आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो. दुसरे: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा, आणि श्रद्धेने, उपकार मानत, आपल्या अंतःकरणात त्याच्यावर पोस. नीट ऐकले तर ही दोन वेगळी मते आहेत. पहिले म्हणते, हे शरीर आहे. दुसरे म्हणते, ही आठवण आहे. पहिले १५४९च्या पुस्तकातले, दुसरे १५५२च्या अधिक कडव्या आवृत्तीतले. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या लोकांनी दोन्ही एकापुढे एक ठेवून मध्ये सांधा मारला. तेव्हापासून ज्याला जे खरे वाटते ते त्याने ऐकावे, आणि शेजारी गुडघे टेकलेल्याने दुसरे ऐकावे. काहींना ही लबाडी वाटते. मला ती अवघड कामगिरी वाटते, कारण त्याच प्रश्नावरून युरोपात माणसे जाळली जात होती.

भाकर आणि द्राक्षारस यांचे मूळ द्रव्यच पालटते, हे कॅथलिक मत कलमांनी नाकारले आहे. म्हणून पुस्तकात खास खुलासा छापला आहे, की आम्ही गुडघे टेकतो ते नम्रतेने, भाकरीची पूजा म्हणून नव्हे. पण सूचना पुढे वाचा. पवित्र न केलेली भाकर उरली तर पाळकाने घरी न्यावी, तिचे काहीही करावे. पवित्र केलेली उरली तर ती देवळाबाहेर जाता कामा नये. तिथेच, भक्तिभावाने संपवायची. नुसती आठवण असती तर एवढी काळजी कशाला? प्रसादाचे ताट कुठे ठेवावे याबद्दल आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे न शिकवता कळते, ते इथे छापले आहे, एवढेच.

मेणबत्तीवरून तुरुंग

एकच पुस्तक, पण ते कसे वाचायचे यावर दोन तट. ‘लो चर्च’वाल्यांना साधेपणा हवा: मेज, प्रवचन, पांढरा झगा पुरे. ‘हाय चर्च’वाल्यांना जरीची वस्त्रे, धूप, पेटत्या मेणबत्त्या, पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलेला पाळक. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या चळवळीने हा दुसरा तट बळावला. ते इतके खुपले की १८७४ मध्ये संसदेने उपासनेला वळण लावणारा कायदा केला आणि त्यापायी पाच पाळक तुरुंगात गेले. गुन्हा काय, तर वस्त्रे, धूप, मेणबत्त्या असलेच काहीतरी. लोकांची सहानुभूती अर्थातच तुरुंगात गेलेल्यांकडे वळली आणि मेणबत्त्या जिंकल्या. काउलीचे पाद्री आणि वाँटिजच्या जोगिणी याच हाय चर्चच्या मुशीतल्या. १८९० साली पुण्यात चहाच्या कपावरून ग्रामण्य भरले तेव्हा तो देणाऱ्यांच्या देशातही धूप-दिव्यांचे खटले चालूच होते. शुद्ध-अशुद्धाचे वेड फक्त आपल्याकडेच होते असे समजायचे कारण नाही.

वर्षाचे चक्र दोन्ही तटांना सारखेच. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ, मग नाताळ, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, गुड फ्रायडे, ईस्टर, पेंटेकॉस्ट. नंतरचे कितीतरी रविवार ‘त्रैक्यानंतरचा अमुकावा’ म्हणून मोजतात. आगमनकाळाच्या आदल्या रविवारची कलेक्ट ‘प्रभू, आमच्या इच्छा ढवळून जाग्या कर’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. इंग्रज गृहिणींनी त्यातले ‘ढवळ’ तेवढे उचलले आणि नाताळाचे पुडिंग त्याच दिवशी ढवळायला घ्यायची रीत पडली. प्रार्थना घरात शिरते ती अशी.

‘पारंपरिक’ म्हणजे कुणाच्या विरुद्ध?

पूर्वी या शब्दाची गरज नव्हती, कारण दुसरे काही नव्हतेच. १९८० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आधुनिक इंग्रजीतले पर्यायी पुस्तक काढले, २००० मध्ये आणखी एक, आणि आज बहुतेक देवळांत तेच चालते. १६६२चे कायद्याने जिवंत आहे, पण कुठे आठची उपासना, कुठे संध्याकाळची, एवढाच त्याचा वावर. दुसरा वाद स्त्रियांच्या पौरोहित्याचा. १९९२ मध्ये तिथल्या धर्मसभेने ते मान्य केले, १९९४ मध्ये पहिल्या स्त्रिया पाळक झाल्या, २०१५ मध्ये पहिली स्त्री बिशप. ज्या मंडळ्यांना हे मानवले नाही त्यांच्यासाठी वेगळे बिशप नेमले गेले. ते गावोगाव फिरतात म्हणून थट्टेने त्यांना ‘उडते बिशप’ म्हणतात. अमेरिकेत तेवढीही तडजोड झाली नाही. तिथल्या एपिस्कोपल चर्चने १९७६ मध्ये स्त्रियांचे पौरोहित्य मान्य करून प्रार्थनापुस्तकही बदलायला घेतले, तेव्हा १९७७ मध्ये सेंट लुइस शहरात नाराज लोक जमले आणि बाहेर पडले. पुढे त्यांच्यातही अनेक फुटी झाल्या. पारंपरिक कोण, यावरून परंपरावाद्यांत फूट पडणे ही परंपरा मात्र सर्वत्र सारखी.

आपल्याकडे वेगळेच झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. त्यामुळे पंचहौदचे पवित्र नामाचे देऊळ, कुलाब्याचे अफगाण चर्च, आणि १७१८ पासून उभे असलेले, चर्चगेटला नाव देणारे मुंबईचे सेंट टॉमस कॅथीड्रल ही आज निव्वळ अँग्लिकन राहिलेली नाहीत, या संयुक्त मंडळीची आहेत. इमारती, वेदीची ठेवण, उपासनेतले कितीतरी शब्द त्याच घराण्याचे आहेत.

शेवटी त्या बारीक अक्षरांतल्या दोन सूचना. पहिली: गावच्या पाळकाने सकाळ-संध्याकाळची प्रार्थना देवळात म्हणावी आणि त्याआधी घंटा वाजवावी, म्हणजे लोकांना येता येईल. कुणी आले नाही तर काय, याचा उल्लेख नाही, तो म्हणतोच. दुसरी: प्रभुभोजनाला मात्र त्याच्यासोबत भाकर घेणारे किमान तिघे हवेत, गाव कितीही लहान असो. पाळकाने एकट्याने वेदीशी उभे राहून मिस्सा उरकायची जुनी रीत क्रॅन्मरला मोडायची होती. त्यामुळे एखाद्या पावसाळी सकाळी पंधरा माणसांच्या खेड्यात दोघेच आले, तर घंटा झालेली असते, मेजावर पांढरे कापड अंथरलेले असते, आणि पाळक तिसऱ्याची वाट बघत दाराशी उभा असतो.